सोव्हिएत सन्मानचिन्हावरील क्रमांकापासून सैनिकापर्यंत

दप्तरखाना

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर महागाईने तेथील निवृत्तिवेतन मातीमोल केले, आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या हजारो वृद्धांनी किंवा त्यांच्या वारसांनी आपली पदके मिळेल त्या भावाने विकली. त्यांतली बरीचशी बर्लिनच्या फुटपाथवरील विक्रेत्यांकडून, पुढे लिलावगृहांतून आणि संकेतस्थळांवरून जगभर पोहोचली. संग्राहकांच्या जगात त्यांची चर्चा बहुधा मिन्याचा रंग, स्क्रूची लांबी आणि किंमत एवढ्यावरच होते. ज्याच्या छातीवर ते चिन्ह होते तो माणूस कोण होता आणि त्याने नेमके काय केले, हे शोधण्याची रीत मराठीत एकत्र नोंदवावी, यासाठी हा धागा काढत आहे.

अशा शोधाला पुष्कळदा यश येते, कारण सोव्हिएत व्यवस्थेने आपल्या बहुतेक ऑर्डरींवर, म्हणजे पदकांहून वरच्या दर्जाच्या सन्मानचिन्हांवर, अनुक्रमांक कोरला आणि तो क्रमांक कोणाला दिला याची नोंद ठेवली. ऑर्डर ऑफ लेनिन, रेड बॅनर, रेड स्टार, देशभक्तिपर युद्धाची ऑर्डर, ऑर्डर ऑफ ग्लोरी या सर्वांच्या मागच्या बाजूस क्रमांक असतो. १७ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झालेल्या ‘शौर्यासाठी’ आणि ‘लढाईतील कामगिरीसाठी’ या दोन पदकांवरही सुरुवातीच्या काळात क्रमांक असे. पुढे युद्धाच्या धामधुमीत तो बंद झाला. लेनिनग्राड, स्टालिनग्राड, ओदेसा आणि सेवास्तोपोल यांच्या संरक्षणाची पदके, बर्लिनच्या पाडावाचे पदक, किंवा सुमारे दीड कोटी लोकांना मिळालेले जर्मनीवरील विजयाचे पदक यांच्यावर क्रमांकच नाही. अशा पदकासोबतचे छोटे प्रमाणपत्र हरवले असेल तर ते कोणाचे होते हे सांगण्याचा मार्ग उरत नाही, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

क्रमांक असला तरी नावापर्यंतचा प्रवास सरळ नसतो. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २००७ मध्ये ‘मेमोरियल’ हा मृत आणि बेपत्ता सैनिकांचा संग्रह, २०१० मध्ये ‘पोद्विग नारोदा’ हा सन्मानांचा संग्रह आणि २०१५ मध्ये या दोन्हींना जोडणारा ‘पाम्यात नारोदा’ हा संग्रह लोकांसाठी खुला केला. लक्षावधी मूळ कागदांच्या प्रतिमा तेथे विनामूल्य पाहता येतात. मात्र तेथे शोध घ्यायचा तो मुख्यतः नावाने. नाव ठाऊक नसून केवळ क्रमांकच हाती असेल, तर मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क येथील संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय अभिलेखागारातील नोंदींकडे वळावे लागते. तेथे सन्मानित व्यक्तीचे एक कार्ड असते. त्यावर नाव, जन्मवर्ष, जन्मस्थान, हुद्दा, आणि त्या व्यक्तीला मिळालेली सर्व चिन्हे त्यांच्या क्रमांकांसह व आदेशांच्या तारखांसह लिहिलेली असतात. या कार्डालाच मी शोधाचा कणा मानतो, कारण त्यावर आदेशाची तारीख मिळाली की शिफारसपत्रापर्यंतची वाट मोकळी होते.

शिफारसपत्र, ज्याला रशियनमध्ये ‘नाग्रादनोय लिस्त’ म्हणतात, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. त्याच्या वरच्या भागात छापील रकाने असतात: नाव व पितृनाम, हुद्दा, तुकडी, जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व, पक्षाचे सदस्यत्व, कोणत्या आघाडीवर कधीपासून, किती वेळा जखमी, कोणत्या भरती कार्यालयातून सैन्यात आला, आधीचे सन्मान कोणते, घरचा पत्ता. खाली तुकडीच्या प्रमुखाने वैयक्तिक पराक्रमाचे थोडक्यात वर्णन केलेले असते, आणि मागच्या बाजूस वरच्या अधिकाऱ्यांचे शेरे येतात. हे शेरे घाईने उलटून जाऊ नयेत. तुकडीप्रमुखाने रेड बॅनर मागितलेला आणि वरच्या अधिकाऱ्याने रेड स्टारवर भागवलेले, असे अनेकदा दिसते. म्हणजे त्या सैनिकाच्या अगदी जवळच्या माणसाने त्याच्या कामाचे मोल काय केले होते, हे त्या कागदाखेरीज इतर कोठेही सापडत नाही. अनेक शिफारसपत्रे पेन्सिलीने किंवा पुसट शाईने, हाती लागेल त्या कागदावर लिहिलेली आहेत. खंदकात बसलेला कोणी कारकून कालच्या लढाईत मशीनगन वाचवणाऱ्या आपल्या सोबत्याबद्दल पाच ओळी लिहितो आणि त्या ओळी ऐंशी वर्षांनंतर आपण वाचतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

नावाने शोधताना काही अडचणी हटकून येतात. आपल्याप्रमाणेच रशियन लोकही मधले नाव वडिलांवरून लावतात, त्यामुळे नाव, पितृनाम आणि आडनाव या तिन्हींवाचून शोध घेऊ नये. नुसत्या इव्हान इव्हानोव्हसाठी नोंदींचा ढीग समोर येतो. उझबेक, कझाख, जॉर्जियन किंवा तातार सैनिकांची नावे रशियन कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली, म्हणून एकाच माणसाचे नाव दोन कागदांत दोन प्रकारे सापडते. जन्मवर्षही एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे होते. गावांची नावे तर राजकारणाबरोबर बदलली: पेर्म शहर १९४० ते १९५७ या काळात मोलोतोव्ह होते, त्वेर हे १९३१ ते १९९० पर्यंत कालिनिन होते, आणि स्टालिनग्राड १९६१ मध्ये व्होल्गोग्राड झाले. नकाशा त्या वर्षाचा घ्यावा.

वैजयंती

अतिशय उपयुक्त माहिती आहे. माझ्या मामांनी नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून एक लाल तारा विकत घेतला होता. मध्ये बंदूक धरलेला सैनिक आहे, मागे टांकसाळीचे नाव आणि चौतीस लाखांच्या पुढचा क्रमांक आहे. कागदपत्र काहीही नाही. मामा आता हयात नाहीत आणि तो तारा माझ्याकडे आला आहे. विक्रेत्याने तो बर्लिनच्या लढाईतील सैनिकाचा असल्याचे सांगितले होते. हे खरे मानता येईल का, आणि इतक्या कमी माहितीवरून पुढे काही हाती लागेल का?

दप्तरखाना

वैजयंतीताई, आपल्याकडे आहे ती ६ एप्रिल १९३० रोजी सुरू झालेली ऑर्डर ऑफ द रेड स्टार. ती एकूण ३८ लाखांहून अधिक वेळा दिली गेली. त्यांतील वीस लाखांहून अधिक युद्धकाळातल्या कामगिरीबद्दलच्या आहेत. त्यामुळे चौतीस लाखांपुढचा क्रमांक युद्धानंतर दिलेल्या चिन्हाचा असणार. म्हणजे विक्रेत्याची कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

पण येथे थांबून निराश होऊ नये. ४ जून १९४४ च्या आदेशाने सोव्हिएत सैन्यात प्रदीर्घ सेवेसाठीही हीच चिन्हे देण्यास सुरुवात झाली: १० वर्षांच्या सेवेला ‘लढाईतील कामगिरीसाठी’चे पदक, १५ वर्षांना रेड स्टार, २० वर्षांना रेड बॅनर आणि २५ वर्षांना ऑर्डर ऑफ लेनिन. ही पद्धत सप्टेंबर १९५७ मध्ये थांबली. तोवर लढाईत मिळालेला तारा आणि सेवेची वर्षे भरल्यावर मिळालेला तारा यांत दिसण्यात काहीच फरक राहिला नव्हता, आणि आघाडीवर लढलेल्या अनेकांना याचे दुःख होते. आपला तारा बहुधा याच प्रकारचा असावा. आता असा विचार करा, की पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात ज्याची १५ वर्षांची सेवा पूर्ण झाली, तो माणूस १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सैन्यात होता. संपूर्ण युद्ध त्याने गणवेशात काढले. त्याचे कार्ड मिळाले, तर त्यावर युद्धातील इतर सन्मानांचीही यादी असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यांची शिफारसपत्रे ‘पोद्विग नारोदा’वर नावाने शोधता येतील. तारा सेवेचा असला तरी त्याच्या मालकाची कहाणी युद्धाची असू शकते. क्रमांकाभोवतीचा धातू घासलेला किंवा खोल गेलेला आहे का, एवढे मात्र भिंगातून आधी पाहून घ्या, कारण जुना आकडा खरवडून नवा कोरलेल्या वस्तू बाजारात पुष्कळ आहेत.

सिंधुसागर

या विषयात भारताचाही एक धागा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत सैन्याने इराणमध्ये प्रवेश केला आणि इराणी आखातातून उत्तरेकडे सोव्हिएत सीमेपर्यंत रसद पोहोचवण्याचा मार्ग तयार झाला. ट्रक, दारूगोळा, अन्नधान्य, औषधे यांची वाहतूक रेल्वेने आणि डोंगराळ रस्त्यांवरून मोटारगाड्यांनी होत असे, आणि या कामात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे भारतीय सैनिक होते. त्यांतील सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह चंद या दोघांना १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारने रेड स्टार दिला. निक्कम आजच्या तमिळनाडूचे, तर गजेंद्र सिंह उत्तराखंडातील पिथौरागढ भागातले. विजयाच्या ७५ व्या वर्षी, २०२० मध्ये, या दोघांची नावे पुन्हा वृत्तपत्रांत आली. रणगाड्यावर चढून गोळ्या झाडणाऱ्यांबद्दल आपण बोलतो, पण उन्हात तापलेल्या आणि हिवाळ्यात गोठलेल्या घाटांतून ट्रक नेणाऱ्यांनाही तोच तारा मिळाला, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

रानवारा

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आपण सर्वजण शिफारसपत्राकडे पुरावा म्हणून पाहत आहात, पण ते त्याच राज्ययंत्रणेने लिहिलेले आहे जिला वीर हवे होते. जनरल पानफिलोव्हच्या डिव्हिजनमधील २८ सैनिकांचे उदाहरण पाहा. १६ नोव्हेंबर १९४१ रोजी मॉस्कोच्या वाटेवर दुबोसेकोवो येथे २८ जणांनी रणगाड्यांचा ताफा अडवला आणि सारे धारातीर्थी पडले, अशी कथा लष्करी वृत्तपत्राने छापली, आणि २१ जुलै १९४२ च्या आदेशाने त्या सर्वांना सोव्हिएत संघाचा वीर ही पदवी मरणोत्तर मिळाली. त्यांपैकी काही जण जिवंत होते. इव्हान दोब्रोबाबिन तर शत्रूच्या हाती सापडून नंतर जर्मनांच्या पोलिसांत काम करताना आढळला. १९४८ मध्ये लष्करी सरकारी वकिलांच्या चौकशीने ही कथा वार्ताहरांनी रचल्याचा निष्कर्ष काढला, आणि तो अहवाल पुढे कित्येक दशके दडपून ठेवला गेला. ज्या कागदांवर सर्वोच्च पदवी दिली गेली त्यांची ही अवस्था असेल, तर एखाद्या रेजिमेंटच्या कारकुनाच्या पाच ओळींवर विश्वास का ठेवायचा?

दप्तरखाना

रानवारा, आक्षेप रास्त आहे आणि उदाहरणही अचूक आहे. दुबोसेकोवो परिसरात त्या दिवशी मोठी लढाई झाली आणि पानफिलोव्हच्या डिव्हिजनचे अनेक सैनिक तेथे मरण पावले, हे त्या चौकशीनेही नाकारलेले नाही. वृत्तपत्राने त्यांतून २८ नावे वेगळी काढून त्यांना एक आखीव प्रसंग दिला. तेथे बातमी आधी आली आणि सन्मानाची यादी नंतर तयार झाली, हा क्रमच त्या प्रकरणाचा रोग होता.

सर्वसाधारण सैनिकाच्या शिफारसपत्राचा क्रम बहुधा उलटा असतो. १९४२ च्या नोव्हेंबरपासून रेजिमेंटच्या प्रमुखाला पदके देण्याचा अधिकार मिळाला. ऑर्डर ऑफ ग्लोरीचा तिसरा वर्ग डिव्हिजनच्या प्रमुखाकडून, दुसरा वर्ग आर्मीच्या प्रमुखाकडून आणि पहिला मॉस्कोतील सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाकडून मिळे. खालच्या पातळीवरचे कागद त्या सैनिकाला ओळखणाऱ्यांनी, घटनेनंतर थोड्याच दिवसांत लिहिलेले असतात, आणि ते कोणा वाचकवर्गासाठी लिहिलेले नसतात. तरीही त्यांत अतिशयोक्ती असते. ठार केलेल्या शत्रूंची संख्या सर्वांत कमी विश्वासाची. ठिकाण, तारीख, तुकडी आणि जखमांची नोंद त्या मानाने खूपच भरवशाची. म्हणून शिफारसपत्र एकटे वाचू नये. ‘पाम्यात नारोदा’वर तुकड्यांच्या दैनंदिन लढाईच्या नोंदवह्याही आहेत. शिफारसपत्रात सांगितलेल्या गावी, सांगितलेल्या दिवशी ती रेजिमेंट होती का, हे तेथे ताडून पाहता येते, आणि माझ्या मते ही पायरी गाळून लिहिलेली कोणतीही सैनिककथा अपुरी समजावी.

यंत्रणेचा हात आणखी एका ठिकाणी दिसतो. रेड बॅनर आणि रेड स्टार या दोन्ही ऑर्डरींचे पहिले मानकरी सोव्हिएत सेनानी वासिली ब्ल्युखेर होते. १९३८ मध्ये त्यांचा कोठडीत मृत्यू झाला. शिक्षा झालेल्यांचे सन्मान काढून घेतले जात आणि पुढे पुनर्वसन झाल्यास परत दिले जात. एखाद्या कार्डावर अशी नोंद दिसली, तर शोध लष्करी कागदांवर न थांबता खटल्याच्या कागदांकडे न्यावा लागतो.

टिपणवही

रानवारा यांच्या मुद्द्याला एक जोड देते. कोणाला काय मिळाले नाही, हेही कागदांवरून वाचता येते. बर्लिनमधील राइशटाग या जर्मन संसदभवनावर विजयध्वज चढवल्याबद्दल मे १९४६ मध्ये येगोरोव्ह आणि कांतारिया या सैनिकांना वीर पदवी मिळाली. त्यांना छतापर्यंत घेऊन जाणाऱ्या अलेक्सेई बेरेस्त यांना मात्र रेड बॅनरच मिळाला. घटना एक आणि मोजमापे दोन.

दुसरे असे, की आरोग्यसेविकांच्या शिफारसपत्रांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. २३ ऑगस्ट १९४१ च्या संरक्षण खात्याच्या आदेशाने जखमींना रणांगणातून उचलून आणणाऱ्यांसाठी प्रमाणच ठरवले होते. जखमींना त्यांच्या रायफली किंवा हलक्या मशीनगनींसह बाहेर काढायचे, आणि असे १५ जण आणले तर पदक, २५ जणांसाठी रेड स्टार, ४० जणांसाठी रेड बॅनर, ८० जणांसाठी ऑर्डर ऑफ लेनिन. त्यामुळे या पत्रांत ‘इतक्या जखमींना त्यांच्या शस्त्रांसह आणले’ असे वाक्य वारंवार येते. ते साच्यातले वाटले तरी त्यामागे आदेशाची भाषा आहे, आणि ज्या मुलीने वीस वर्षांच्या वयात स्वतःपेक्षा जड माणसाला त्याच्या रायफलीसकट गोळीबारातून ओढत आणले, तिचे श्रम त्या साच्यामुळे तसूभरही उणे होत नाहीत.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर ऑर्डर ऑफ ग्लोरीचे तिन्ही वर्ग मिळवणाऱ्या सुमारे २६०० जणांत केवळ चार स्त्रिया आहेत, हेही सांगते. त्यांतल्या नीना पेत्रोव्हा १८९३ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या वयात त्या स्वतःहून सैन्यात दाखल झाल्या, नेमबाज म्हणून लढल्या आणि त्यांनी शेकडो तरुणांना नेमबाजी शिकवली. १ मे १९४५ रोजी, युद्ध संपायला आठवडा उरला असताना, वाहनाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पहिल्या वर्गाचा आदेश त्यानंतर निघाला.

वैजयंती

दप्तरखाना आणि सर्वांचे मनापासून आभार. भिंगातून पाहिले, आकडा हाताने कोरलेला आहे आणि त्याभोवती खरवडल्याची खूण दिसत नाही. आता एक प्रश्न सतावतो आहे. समजा नाव मिळाले आणि त्या सैनिकाचे नातेवाईकही सापडले, तर तारा परत पाठवावा का? आणि तसे करणे कायद्यात बसते का?

दप्तरखाना

कायद्याचे आधी सांगतो. रशियाच्या फौजदारी संहितेच्या ३२४ व्या कलमानुसार सोव्हिएत संघाच्या शासकीय सन्मानचिन्हांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, त्यामुळे तेथील कोणाशीही पैशाचा व्यवहार करू नका आणि तेथून अशी वस्तू आणण्याचा विचारही करू नका. बाहेरून टपालाने पाठवण्याचा प्रश्नही नाजूक आहे. त्यासाठी रशियन वकिलातीच्या सांस्कृतिक किंवा संरक्षण विभागाचा लेखी सल्ला आधी घ्यावा.

परत करण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्याच पत्रात वस्तू देण्याची भाषा नको. कुटुंबाने ती कोणत्या परिस्थितीत गमावली, विकली की चोरीला गेली, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि एखाद्या नातवाला आजोबांचा तारा उपासमारीच्या वर्षांत विकला गेल्याची आठवण परक्याच्या पत्रातून होणे क्लेशदायक ठरू शकते. शिफारसपत्राची प्रत मात्र निःसंकोच पाठवावी. अनेक घरांत आजोबांनी युद्धाबद्दल कधी चकार शब्द काढलेला नसतो आणि त्यांच्या कामगिरीचे वर्णन कुटुंबाने पाहिलेलेच नसते. असेही घडले आहे, की आदेश निघाला पण सैनिक इस्पितळात किंवा दुसऱ्या तुकडीत गेल्यामुळे चिन्ह त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, आणि कित्येक वर्षांनी भरती कार्यालयाने ते शोधून त्याला किंवा त्याच्या मुलांना दिले. त्यांनी वस्तूची विचारणा केली तर मग पुढचे बोलावे.

आपल्या बाबतीत पुढची पायरी अशी, की ताऱ्याच्या दोन्ही बाजूंची, आकडा स्पष्ट वाचता येईल अशी छायाचित्रे काढा आणि पोदोल्स्कच्या अभिलेखागाराला रशियनमध्ये चौकशीचे पत्र लिहा. पत्रात चिन्हाचे पूर्ण नाव, क्रमांक, ते आपल्याकडे कसे आले याचा खरा वृत्तान्त आणि शोधाचा हेतू, एवढेच असावे. कार्ड मिळाल्यास नाव येथे जाहीर न करता त्यावरील आदेशाची तारीख आणि तुकडी मला कळवा. शिफारसपत्राचे वाचन आणि त्या रेजिमेंटच्या नोंदवहीशी ताडणी आपण दोघे मिळून करू.

टिपणवही

पत्राचा रशियन मसुदा मी करून देते. हस्तलिखित रशियन वाचण्याची सवय नसलेल्यांनी आधी १९४३ नंतरची टंकलिखित शिफारसपत्रे वाचावीत. त्यांतले रकाने आणि ठरावीक शब्द डोळ्यांत बसले की पेन्सिलीने लिहिलेली पानेही हळूहळू लागतात. काही नमुन्यांचे मराठी भाषांतर करून, सैनिकांची नावे वगळून, मी याच धाग्यावर टाकेन.